तीन हजारांखालचं आयुष्य

सोलापूरचं नाव काढलं की माणसं चादरीवर येतात, तिथून शेंगांच्या चटणीवर आणि मग कडक भाकरीवर. कॅमशाफ्टवर कुणी येत नाही. वास्तविक 1992 साली सोलापुरात सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशोदेशीच्या मोटारींना कॅमशाफ्ट पुरवते. या क्षणी परक्या मुलखातल्या कुणाच्या तरी गाडीचं इंजिन एका सोलापुरी दांड्याच्या हुकमावर श्वास घेत असेल. पण पाहुण्यांकडे जाताना हातात कॅमशाफ्ट नेता येत नाही. चटणीच बरी.

ज्यांनी बॉनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडलं आहे त्यांच्यासाठी सांगतो. कॅमशाफ्ट हा एक दांडा असतो, त्यावर एका बाजूला फुगलेले उंचवटे असतात आणि ते फिरता फिरता इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडतात. थोडक्यात, हे काम आपल्या गल्लीतल्या पाण्याच्या चावीवाल्याचं. तो येतो, रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडतो, लांब दांडा आत घालतो आणि चावी फिरवतो. किती वाजता सोडली, किती आटे उघडली आणि किती वेळाने बंद केली, या तीन गोष्टींवर गल्लीची भांडणं, निवडणुका आणि धुण्याच्या वेळा ठरतात. इंजिनातही याच तीन गोष्टी आहेत. व्हॉल्व्ह कधी उघडला ते टायमिंग, किती उघडला ती लिफ्ट आणि किती वेळ उघडा राहिला ती ड्युरेशन. लिफ्ट मिलिमीटरमध्ये मोजतात, ड्युरेशन क्रँकच्या अंशांमध्ये. फरक इतकाच की चावीवाला दिवसातून एकदा येतो. कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरूनही सहा हजार आरपीएमला सेकंदाला पन्नास वेळा येतो, आणि दिवाळीला पोस्त मागत नाही.

कंपनी गाडीत जो कॅम घालून देते तो कुणाचाही लाडका नसतो, कारण तो सगळ्यांना सांभाळून घेणारा असतो. एसी चालला पाहिजे, अ‍ॅव्हरेज दिलं पाहिजे, थंडीत पहिल्या सेल्फला चालू झालं पाहिजे, पीयूसीत पास झालं पाहिजे आणि क्लच अर्धवट सोडणाऱ्या काकांच्या हातातही बंद पडता कामा नये. एवढ्या सगळ्यांना खूश ठेवणाऱ्याकडे कुणी प्रेमाने बघत नाही. पंचविशी ओलांडलेल्या, पगार सुरू झालेल्या आणि लग्न न झालेल्या मुलांचं लक्ष नेमकं या कॅमवर जातं.

माझ्या भाच्याने जुनी एस्टीम घेतली. ही गाडी मारुतीने 1994 मध्ये आणली आणि 2007 मध्ये बंद केली, त्यामुळे त्याच्या तिच्याबद्दलच्या आठवणी मुख्यतः मागच्या सीटवरून खंबाटकी घाटात उलट्या केल्याच्या आहेत. प्रेम कशातूनही उगवतं. 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, एकच कॅमशाफ्ट, सुमारे 85 हॉर्सपॉवर. आपल्याकडच्या रॅलीवाल्यांनी आणि ट्रॅकवाल्यांनी या इंजिनावर पिढ्यान्‌पिढ्या हात साफ केलेले आहेत. भाच्याचा हात अजून साफ व्हायचा होता.

टर्बो लावणार नाही, हे त्याने आल्या आल्या जाहीर केलं. मी विचारलंही नव्हतं. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (एनए) इंजिनवाल्यांचा हा पंथच निराळा आहे, आणि त्यात टर्बोवाला भ्रष्ट मानला जातो. टर्बोवाल्याला ताकद हवी असली की तो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. एनएवाल्याला निसर्गाने दिलेल्या दाबावर भागवायचं असतं. त्यामुळे एका फेरीत निघणारा जोर त्याला फारसा वाढवता येत नाही, फेऱ्याच वाढवाव्या लागतात. 4500 आरपीएमला 113 न्यूटन मीटर टॉर्क असेल तर साधारण 72 हॉर्सपॉवर होतात. 7500 ला टॉर्क घसरून 100 झाला तरी हॉर्सपॉवर होतात 107. दर फेरीला काम थोडं कमी करायचं, पण फेऱ्या इतक्या मारायच्या की एकूण बेरीज मोठी दिसावी. दौऱ्यांवर नोकरी काढलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

वरच्या फेऱ्यांना अडचण वेळेची येते. सहा हजाराला क्रँकची एक फेरी सेकंदाच्या शंभराव्या भागात संपते. व्हॉल्व्ह 240 अंश उघडा राहिला तरी हवेला आत यायला सेकंदाचा दीडशेवा भागच मिळतो. म्हणून व्हॉल्व्ह जास्त अंश उघडा ठेवणारा कॅम घालायचा. इथपर्यंत भाच्याचं बरोबर होतं. बिघडलं ते पुढे, कॅटलॉग उघडल्यावर.

कॅमच्या कॅटलॉगात गुण क्रमाने वाढत जातात असा नवख्याचा समज होतो. सुरुवातीला 256 अंशांचा 'फास्ट रोड', मग 270-280 चा 'रॅली', मग त्यापुढचा 'फुल रेस'. 300 अंश परवडत असताना 256 कोण घेईल? शिवाय हे अंश मोजायचे कुठून, याबद्दलही ज्याचा त्याचा धर्म आहे. कुणी व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजतो, कुणी एक मिलिमीटर उचलल्यावर मोजायला लागतो. एकच दांडा एकाच्या दुकानात 280 चा असतो आणि दुसऱ्याच्या दुकानात 240 चा. दोघेही खरं बोलत असतात. पण ग्राहक 280 वाल्याकडे जातो.

या रोगाचं मूळ अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात एड इस्केंदेरियन नावाच्या आर्मेनियन वंशाच्या गृहस्थांनी कॅम घासण्याचा धंदा मांडला. 1950 च्या दशकात तिथल्या कॅमवाल्यांनी मासिकांतल्या जाहिरातींमधून एकमेकांवर असे काही तोफगोळे डागले की त्या काळाला कॅम वॉर्स असंच नाव पडलं. आमचा कॅम लावलेली गाडी जिंकली, तुमचा लावलेली हरली, असा सगळा मजकूर. इस्केंदेरियन यांनी आपल्या नावाचे टी-शर्ट छापून शर्यतवाल्यांच्या अंगावर चढवले. कॅम इंजिनाच्या पोटात असतो, कुणाला दिसत नाही. तो छातीवर आणायची ही युक्ती फार मोठी होती. माझ्या भाच्याकडेही एक टी-शर्ट आहे. कॅम यायच्या आधी तो आला होता.

त्याच काळात शेवरलेचे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी स्वतः आखलेला कॅम घालून 1956 च्या जानेवारीत डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर कॉर्व्हेट ताशी 150 मैलांच्या वर नेली. ही हकिगत भाच्याने मला फार भक्तिभावाने सांगितली. मी एवढंच म्हटलं, की त्यांच्यापुढे मैलोन्‌मैल सपाट, रिकामी वाळू होती. तुझ्यापुढे चांदणी चौक आहे.

"मामा, तुला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. ते खरं होतं, म्हणून आम्ही चाचांकडे गेलो.

चाचांचं गॅरेज नाना पेठेत आहे, जिथे स्पेअर पार्टची दुकानं संपून माणसं राहायला लागतात त्या हद्दीवर. त्यांनी आयुष्यात किती हेड उघडली याचा हिशेब नाही. भाच्याने आपला कागद पुढे केला: 288 अंश, लिफ्ट साडेदहा मिलिमीटर, लोब सेपरेशन अमुक, ओव्हरलॅप तमुक. चाचांनी कागद वाचला, घडी केली, त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि विचारलं,

"चालवणार कुठं?"

कॅम निवडण्याच्या शास्त्रात हा एकच प्रश्न आहे. बाकी सगळं कोष्टकात मिळतं. आणि या एका प्रश्नाला आजवर कुणीही खरं उत्तर दिलेलं नाही.

"ट्रॅकवर," भाचा म्हणाला.

"कुठल्या?"

"चेन्नईच्या. कोइमतूरला पण आहे."

"वर्षातून किती वेळा?"

भाचा गप्प. चेन्नई पुण्यापासून साधारण 1200 किलोमीटर आहे. तिथे तो अजून एकदाही गेला नव्हता, आणि गेला तरी त्याची आई, म्हणजे माझी ताई, विमानाने जा म्हणणार होती.

"आणि बाकीचे दिवस?"

"हिंजवडी."

चाचांनी ग्लास उचलला आणि कागद परत दिला. त्यावर आता गोल डाग होता.

मोठा कॅम हिंजवडीच्या रस्त्यावर काय करतो, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. पिस्टन तळाला पोहोचून परत वर यायला लागला तरी असा कॅम इनटेक व्हॉल्व्ह बराच वेळ उघडा ठेवतो. सात हजाराला आत धावत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो की ती वर येणाऱ्या पिस्टनलाही जुमानत नाही, घुसतच राहते. हजार आरपीएमला तिला कसलीच घाई नसते. पिस्टन वर आला की आलेल्या वाटेने ती परत निघून जाते. त्यात ओव्हरलॅप, म्हणजे एक्झॉस्ट बंद व्हायच्या आधीच इनटेक उघडलेला असतो तो काळ. 240 अंशांचा, 112 चं सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन) असलेला साधा कॅम घेतला तर हा काळ 16 अंश भरतो. 280 आणि 106 चा घेतला तर 68. वरच्या आरपीएमला बाहेर जाणारा धूर ताजी हवा मागोमाग ओढून घेतो, म्हणजे फायदाच. खाली मात्र तोच धूर उलटा इनटेकमध्ये शिरतो. आपण नुकतंच बाहेर टाकलेलं आपणच परत ओढून इंजिन सिग्नलला उभं राहतं. मग ते जागच्या जागी डुलायला लागतं, भडभडतं, दचकतं. एसी लावला तर बंदच पडतं.

आणि गंमत अशी की भाच्याला नेमकं हेच हवं होतं. या डुलण्याचे तो रात्री जागून व्हिडिओ बघायचा. जगात दोन प्रकारची माणसं असतात: हा आवाज ऐकून ज्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात ती, आणि जी म्हणतात की प्लग बदला. पुण्यात दुसऱ्या प्रकारची माणसं बहुसंख्य आहेत, आणि ती गप्प बसत नाहीत. त्याच्या एका मित्राच्या झेनमध्ये असा कॅम आहे. त्याला सोसायटीच्या वॉचमनने, दोन रिक्षावाल्यांनी आणि सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या एका आजोबांनी एक प्लग मारत नाही असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे. आजोबांनी तर रस्ता ओलांडायचा सोडून बॉनेट उघडायला लावलं होतं. पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालून म्हणाला, "गाडी मिसिंग मारतेय." मित्र म्हणाला, "मिसिंग नाही, ओव्हरलॅप आहे." पीयूसीवाल्याने मशीनवरचा न जळलेल्या पेट्रोलचा आकडा दाखवला. पीयूसीच्या कागदावर ओव्हरलॅपचा रकाना नाही.

तसा तो आरसी बुकातही नाही, आणि भाच्याचा कायद्याचा अभ्यास तेवढ्यावरच उभा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की नोंदणीतल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करू नये. भाचा म्हणतो, कॅमचा तपशील नोंदणीत आहेच कुठे? मी त्याला म्हटलं, हा युक्तिवाद तू चौकातल्या हवालदारापुढे कर, मी लांब उभा राहून ऐकतो.

खरी भानगड ब्रेकची आहे. ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. मोठ्या कॅमने ती ओढ खालच्या आरपीएमला ढिली पडते आणि पेडल दगडासारखं होतं. म्हणजे गाडी पळवण्यासाठी केलेल्या खर्चाचा पहिला परिणाम म्हणजे ती थांबत नाही. लक्ष्मी रोडला, संध्याकाळी सात वाजता, चारही बाजूंनी अ‍ॅक्टिव्हा असताना.

बरं, नुसता कॅम घालून भागतं असंही नाही. व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो म्हणून दाब कमी पडतो, म्हणून हेडला फेस मारून कॉम्प्रेशन वाढवायचं. ते वाढवलं की साध्या पेट्रोलवर ठोका येतो, म्हणून महागडं पेट्रोल. आरपीएम वाढले की स्प्रिंगा दम टाकतात आणि व्हॉल्व्ह कॅमची पाठ सोडून तरंगायला लागतो, म्हणून कडक स्प्रिंगा. कंपनीच्या कॉम्प्युटरला इनटेकमधल्या दाबाचे हे उड्या मारणारे आकडे कळत नाहीत, म्हणून नवा कॉम्प्युटर. मग 4-2-1 चा एक्झॉस्ट. मग क्लच. भाच्याने ही सगळी यादी एक्सेल शीटमध्ये केली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं 'किरकोळ'.

एवढं सगळं करून 288 चा कॅम जागा होतो चार-साडेचार हजाराला. आपण आयुष्य काढतो तीन हजारांच्या खाली. एक्सप्रेसवेवर शंभरची मर्यादा आहे, आणि पाचव्या गिअरला शंभरच्या वेगात एस्टीमचं इंजिन तीन हजारांच्या आसपास गुणगुणत असतं. त्याच्या पुढे जाऊन कॅमची झोप मोडायची म्हटलं, तर तो डोळे चोळेपर्यंत कॅमेऱ्याने फोटो काढलेला असतो.

दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी उपाय जपान्यांनी काढून ठेवला आहे. 1989 मध्ये होंडाने इंटेग्रामध्ये व्हीटेक आणलं. एकाच दांड्यावर प्रत्येक सिलिंडरसाठी दोन प्रकारचे उंचवटे, खाली सौम्य आणि वर उग्र, आणि ठरल्या आरपीएमला तेलाच्या दाबाने खिट्टी सरकून एकाकडून दुसऱ्याकडे बदली. 1.6 लिटरच्या इंजिनातून 160 हॉर्सपॉवर, टर्बोशिवाय. आपल्याकडे 2000 च्या सुमारास 1.5 लिटरची सिटी व्हीटेक आली, 106 हॉर्सपॉवरची, आणि अजूनही काही माणसं तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. मी भाच्याला म्हटलं, तीच का नाही घेत? तो म्हणाला, "ती सगळेच घेतात." यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

शेवटी ठरवलं ताईने. तिला व्हॉल्व्ह आणि वॉशरमधला फरक माहीत नाही. ती पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली, "त्यात एसी चालेल ना?" भाच्याने तीन रात्री जागून वाचलेल्या सगळ्या कोष्टकांवर या प्रश्नाने पाणी फिरवलं. जो एसी घेऊन सिग्नलला उभा राहू शकतो तोच कॅम रस्त्याचा. चाचांचंही म्हणणं तेच निघालं, फक्त त्यांच्या भाषेत: मनात आहे त्याच्या दोन नंबर खाली घे. 256 चा, नऊ-साडेनऊ मिलिमीटर लिफ्टचा.

जुनाच कॅम घासून घ्यावा, स्वस्तात पडेल, असं एका लेथवाल्याने सुचवलं होतं. उंचवट्याच्या टोकाला लोखंड वाढवता येत नाही म्हणून पाठ घासून बारीक करतात, की फरक आपोआप वाढतो. चाचांनी मान हलवली. ओतीव कॅमचा वरचा थर ओततानाच झटकन थंड करून कडक केलेला असतो. घासता घासता त्या थराच्या आत गेलं की खाली मऊ लोखंड लागतं, आणि महिन्याभरात उंचवटे झिजून सपाट होतात. मग लिफ्टही नाही, ड्युरेशनही नाही, नुसती ढकलगाडी. नवाच आणला.

बसवायचा दिवस मात्र बघण्यासारखा होता. चाचांसारखा धिप्पाड माणूस शेजारच्या पोराकडून खेळायची क्ले मागून घेतो, ती पिस्टनच्या डोक्यावर थापतो, हेड बसवून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवतो आणि परत उघडून ब्लेडने कापून जाडी मोजतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात इनटेकला दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच एवढी मोकळी जागा राहिली पाहिजे. नाहीतर साडेसहा हजाराला दोघांची गाठ पडते, आणि ती एकदाच पडते. मग पुलीला कोन मोजायची चकती, व्हॉल्व्हवर डायल गेज, आणि दीड अंश इकडे का तिकडे यावर चहाच्या तीन फेऱ्या. या इंजिनात एकाच दांड्यावर इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही आहेत, त्यामुळे पुली सरकवली की दोघेही बरोबर सरकतात, वेगळं वेगळं जुळवायची सोय नाही. चाचा ते काम करताना एक शब्द बोलले नाहीत. हिंजवडीतल्या माणसांना मीटिंग न घेता झालेलं काम क्वचित बघायला मिळतं. भाचा भारावून गेला होता.

गाडी सुरेख झाली. तीन हजारांनंतर अशी खेचते की कात्रजच्या चढावर माझा हात आपोआप वरच्या दांडीकडे गेला. साडेसहा हजारांपर्यंत एका दमात जाते. एसी चालतो. ब्रेक लागतो. पीयूसी एका फटक्यात. ताईने तर कॅम बसलाय हे ओळखलंच नाही. तिने फक्त विचारलं, "मग खर्च कशावर झाला?"

आणि भाचा उदास. सिग्नलला गाडी इतकी शहाण्यासारखी उभी राहते की कुणी वळून बघत नाही. रिक्षावाले प्लगबद्दल काही बोलत नाहीत. शेवटी एका रविवारी तो मला घेऊन परत चाचांकडे गेला आणि मोबाईल पुढे केला. अमेरिकेत म्हणे आता एक नवीन चाल निघाली आहे, 'घोस्ट कॅम'. कॅम कंपनीचाच ठेवायचा, फक्त कॉम्प्युटरमध्ये इग्निशनचं टायमिंग असं बिघडवायचं की इंजिन मोठा कॅम घातल्यासारखं डुलायला लागतं. ताकद एक हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. नुसता आवाज.

चाचांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. हात पुसले.

"हे पायजे होतं होय?" ते म्हणाले. "आधी सांगायचं ना. एका प्लगची वायर ढिली करून दिली असती. पैसे पण घेतले नसते."